व्हेरिकोज व्हेन्सचं लेझर: माझा अनुभव (आणि डॉपलर उभं राहूनच करा)

खडूपुसणी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पाककृतींच्या धाग्यावर कधीमधी '+१' टाकलं असेल, तेवढंच. तीन आठवड्यांपूर्वी डाव्या पायाच्या फुगलेल्या शिरेचं (व्हेरिकोज व्हेन) लेझर करून घेतलं, म्हणजे ती शीर आतून जाळून बंद केली. त्याआधी माहिती शोधताना मराठीत जाहिरातींपलीकडे फारसं काही हाती लागलं नाही, म्हणून हा प्रपंच.

मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत २६ वर्षं गणित शिकवते. म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास फळ्यापुढे उभी. दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटरीवर हिरव्या-निळ्या शिरा वर आल्या. आईच्या होत्या, मावशीच्या होत्या, त्यामुळे 'आपल्या घरात असतंच' म्हणून विषय संपला. पाचवारी साडीखाली सगळं झाकून जातं. संध्याकाळी पाय भरून यायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे, उशीवर पाय ठेवले की बरं वाटायचं. यात वीस वर्षं गेली.

मग घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडली आणि खाज सुटली. गजकर्ण समजून दीड वर्ष मलमं चोळली. मागच्या दिवाळीत पाटाचा कोपरा लागून तिथेच खरचटलं आणि ती जखम रुपयाएवढी होऊन चार महिने भरेना. साखर तपासली, नॉर्मल. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी पायावर नजर टाकून सांगितलं, "बाई, जखम खाली आहे, पण दुखणं वर आहे. जांघेत."

पहिलं डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, जिथे केलं (नाव घेत नाही) तिथे मला झोपवून पाच मिनिटांत मोकळं केलं. रिपोर्ट: नॉर्मल. मीही खूश. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, विचारलं, "उभं केलं होतं?" नाही म्हटल्यावर दुसरीकडे पाठवलं. तिथल्या बाईंनी मला उभं करून भार उजव्या पायावर टाकायला लावला, डावी पोटरी हाताने दाबून सोडली आणि पडद्याकडे बघायला सांगितलं. दाबल्यावर रक्त वर गेलं आणि सोडल्यावर घूंऽऽ आवाज करत खाली परत आलं. शिरांमध्ये रक्त खाली परत येऊ न देणाऱ्या झडपा असतात. चांगली झडप अर्ध्या सेकंदाच्या आत मिटते. माझा आकडा ३.८ सेकंद. शिरेची रुंदी ९ मिलिमीटर. आकडा समोर दिसल्यावर गणिताच्या बाईंना आणखी काय पटवायचं?

प्रत्यक्ष लेझर: दोन आठवड्यांत तारीख मिळाली. सकाळी आठला गेले, दुपारी चहा घ्यायला घरी. आधी उभं करून पायावर मार्करने शिरा आखल्या. मग आडवं करून गुडघ्याखाली सोनोग्राफीत बघून सुई, सुईतून तार, तारेवरून नळी, नळीतून लेझरची काच-दोरी (फायबर). जांघेत ही शीर आतल्या मोठ्या शिरेला मिळते, त्या सांध्याच्या दोन सेंटिमीटर अलीकडे तिचं टोक थांबवतात. हे मोजमाप डॉक्टरांनी तीनदा पाहिलं. त्यानंतर शिरेभोवती मांडीभर थंड सलाइन आणि भुलीचं औषध टोचत गेले. पाच-सहा टोचण्या, आणि खरं सांगते, सगळ्यात त्रासाचा भाग तोच. लेझर सुरू झाल्यावर फक्त टुक-टुक आवाज. सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल, माझ्याही. दोरी हळूहळू मागे ओढत दहा मिनिटांत काम झालं. पायाला दाब देणारा घट्ट मोजा चढवला आणि लगेच कॉरिडॉरमध्ये अर्धा तास चालायला लावलं.

त्रास पहिल्या दिवशी नाही झाला, सहाव्या दिवशी झाला. मांडीच्या आतून कोणीतरी दोरी ताणून बांधल्यासारखं वाटायचं. हे अपेक्षित असतं असं आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. गुडघ्याखाली तळहाताएवढी जागा अजून बधिर आहे.

जखम आता शेंगदाण्याएवढी उरलीये. विचारा काय विचारायचं ते.

मी_आणि_माझा_चहा | रात्री ९:५८

वाचनखूण साठवली. आईला वाचायला देतो.

भाबडा_बंड्या | रात्री १०:१२

छान लिहिलंत ताई. एक भाप्र (भाबडा प्रश्न). शीर जाळून बंद केली, तर पायातलं रक्त वर जाणार कुठून? आणि उद्या हृदयाची बायपास करायची वेळ आली तर हीच शीर काढतात ना? मग ठेव मोडल्यासारखं नाही का झालं?

कृष्णाकाठ | रात्री १०:३०

बंड्या, शेतकऱ्याला विचार. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळका झाला की काय होतं? मोटार बंद केली की पाइपातलं पाणी सगळं परत विहिरीत. पुन्हा चालू करताना पहिलं पाणी भरत बसा. पायात दोन पाइपलाइनी आहेत, एक स्नायूंच्या आत आणि एक कातडीखाली. मोठी लाइन आतली. वरची गळायला लागली तर ती मुळाशी बंद करायची, आतली लाइन पाणी नेतेच. आमच्या मेव्हण्याचं पुण्यात झालं तेव्हा डॉक्टरांनी हेच चित्र काढून दाखवलं होतं, फूटव्हॉल्व्ह मात्र माझा.

सोनोग्राफवाला | रात्री ११:०५

फूटव्हॉल्व्ह चोरतोय, पेशंटना सांगायला उपयोगी पडेल. (मी रेडिओलॉजिस्ट. इथे सल्ला देत नाही, शंका असेल तर आपापल्या डॉक्टरांना भेटा वगैरे.)

उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरांमधला दाब साधारण ८० ते ९० मिमी पारा असतो; हृदयापासून घोट्यापर्यंत जेवढा रक्ताचा स्तंभ, तेवढं वजन. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, झडपा ते परत येऊ देत नाहीत आणि निरोगी पायात हा दाब ३०च्या खाली उतरतो. झडपा बिघडलेल्या पायात तो चालतानाही हवा तेवढा उतरत नाही. वर्षानुवर्षं तो दाब घोट्याच्या कातडीवर बसतो. आधी सूज, मग काळे डाग, मग कातडी लाकडासारखी कडक, शेवटी जखम. आम्ही याला सी-१ ते सी-६ अशा पायऱ्या देतो: सी-१ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी-२ फुगलेल्या, सी-३ सूज, सी-४ कातडीतले बदल, सी-५ भरलेली जखम, सी-६ उघडी जखम. खडूपुसणीताई थेट सहाव्या इयत्तेत आल्या.

बंड्या, पायाचं बहुतेक रक्त आतल्या शिरांतून वर जातं. म्हणूनच लेझरआधी आतल्या शिरा मोकळ्या आहेत ना हे बघावंच लागतं. तिथे जुनी गुठळी असेल आणि वरची शीर हाच पर्यायी रस्ता उरला असेल, तर ती बंद करणं अंगाशी येऊ शकतं. बायपासचं म्हणाल तर ९ मिलिमीटर फुगलेली, वेडीवाकडी शीर सर्जन सहसा घेत नाहीत. छातीतली धमनी असते, हातातली असते, दुसरा पाय असतो. ती ठेव आधीच बुडीत निघाली होती.

झोपवून केलेल्या डॉपलरबद्दल: आतली गुठळी झोपवूनही शोधता येते. पण गळती बघायची तर पेशंट उभाच हवा, नाहीतर गुरुत्वाकर्षणाचं काम दिसणार कसं? रिपोर्टात सेकंदांचा आकडा नसेल तर मागा.

निर्गुडी | सोमवार, सकाळी ७:२०

मी वैद्य आहे, त्यामुळे दगड पडणार हे गृहीत धरून लिहिते. जळवा लावून अशा जखमांचं काळं रक्त काढणं सुश्रुतापासून चालत आलंय. माझ्याकडे त्याने खाज आणि ठणका कमी झालेले रुग्ण आहेत. सरसकट लेझरच कशाला?

सोनोग्राफवाला | सकाळी ८:०१

दगड नाही हो वैद्यबाई. जळूने साचलेलं रक्त कमी होतं, आराम पडतो, हे मान्य. पण झडप तशीच राहते, म्हणजे टाकी रिकामी केली आणि नळ चालूच. जखमेच्या रुग्णांबाबत इंग्लंडमध्ये एक मोठी चाचणी झाली, एव्ह्रा नावाची, २०१८ साली प्रसिद्ध झाली. ४५० रुग्ण. सगळ्यांना दाब देणाऱ्या पट्ट्या बांधल्या. निम्म्यांची शीर लगेच बंद केली, निम्म्यांची जखम भरेपर्यंत थांबून किंवा सहा महिन्यांनी. पहिल्या गटात जखम भरायला मध्यक ५६ दिवस लागले, दुसऱ्यात ८२. आधी जखम भरू दे मग बघू, हा आमच्याकडचाही जुना खाक्या होता, तो मोडला.

निर्गुडी | सकाळी ८:४४

८२ दिवसांत पट्ट्यांनीही भरल्याच ना! पण ठीक आहे, मुद्दा पोचला. माझ्याकडे येणाऱ्यांना उभं राहून डॉपलर करून यायला सांगेन.

टेम्सतीरी | दुपारी २:१५

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर. इथे नाइसची (उपचारांचे निकष ठरवणारी इथली सरकारी संस्था) मार्गदर्शक तत्त्वं २०१३ची आहेत आणि त्यात क्रम स्पष्ट आहे: आधी उष्णतेने शीर बंद करणं (लेझर किंवा रेडिओलहरी), ते जमण्यासारखं नसेल तर शीर बंद करणाऱ्या औषधाचा फेस टोचणं, तेही नसेल तर शस्त्रक्रिया. आणि बाकी काही शक्यच नसेल तरच नुसते मोजे, हे वाचून मला आश्चर्य वाटलं होतं, कारण माझ्या आजीला आयुष्यभर मोजेच सांगितले. जाता जाता, आजीची शस्त्रक्रिया मिरजेला झाली होती. जांघेत चिरा, घोट्याशी चिरा आणि मधली अख्खी शीर तारेने ओढून काढलेली. महिनाभर बाजेवर होती. ती पद्धत बॅबकॉक नावाच्या अमेरिकन सर्जनने १९०७ साली आणली असं नंतर वाचलं. लेझर त्या मानाने कालचं पोर. स्पेनमधल्या बोने यांनी १९९९च्या सुमारास पहिल्यांदा शिरेच्या आतून लेझर वापरलं आणि अमेरिकेत मान्यता २००२ साली मिळाली.

नियम कागदावर असले तरी माझा नंबर लागायला इथे अकरा महिने गेले, ते वेगळं. साताऱ्यात दोन आठवड्यांत होतं हे वाचून जळफळाट झाला. (हलकं घ्या.)

वस्तऱ्याची_धार | रात्री ११:३०

नमस्कार. माझं नाशिकला सलून आहे. दुकान बंद करून आत्ता वाचलं. आपलं काम सगळं उभ्याचं. शनिवार-रविवार तर बारा तास. उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत कळ येते, पोटरीवर दोन-तीन शिरा दिसतात पण. एका ठिकाणी फ्री कॅम्प होता, तिथे पाय बघून डायरेक्ट लेझर सांगितलं, महिनाअखेरपर्यंत केलं तर डिस्काउंट. करू का?

कृष्णाकाठ | रात्री ११:४१

डिस्काउंट महिनाअखेरपर्यंत? झडप काय तारीख बघून गळते काय?

सोनोग्राफवाला | मंगळवार, सकाळी ६:५०

आधी उभ्याचं डॉपलर. मांडीच्या मागून घोट्यापर्यंत कळ जाते का? खोकल्यावर, वाकल्यावर वाढते का? मग कमरेकडे बघावं लागेल. थोडं चालल्यावर पोटरी धरते आणि थांबलं की सुटते असं असेल, तर तो शिरांचा नाही, धमन्यांचा मामला. तंबाखू-बिडी असेल तर आधी तोच तपास. अशा पायाला तपासणी न करता घट्ट मोजा चढवणं धोक्याचं आहे. शिरांचं दुखणं सहसा उभं राहून, दिवसाअखेर, जडपणासारखं असतं आणि पाय वर केले की उतरतं. शिरा दिसणं आणि पाय दुखणं या दोन गोष्टी एका पायात असल्या म्हणजे त्यांचं नातं असतंच असं नाही.

हिशेबनीस | सकाळी १०:०५

कोणी पैशाचं बोलत नाही म्हणून मी. माझ्या बायकोचं झालं तेव्हा तीन ठिकाणी भाव काढले, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत दुपटीहून अधिक फरक होता. विचारायचे प्रश्न: एका पायाचा दर की दोन्ही? पोटरीवरच्या वाकड्या शिरा काढणं किंवा फेस टोचणं त्यातच की वेगळं? पुढची दोन डॉपलर धरलीत का? आणि फायबर नवं कोरं असेल ना, पाकीट माझ्यासमोर फोडाल का? शेवटच्या प्रश्नावर एका ठिकाणी चेहरे पडले, तिथून उठून आलो.

विम्यात डे-केअर म्हणून बसतं, रात्र काढायची गरज नाही. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये व्हेरिकोज व्हेन्सना २४ महिन्यांचा थांबा आहे, आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांच्या एकसारख्या पॉलिसीतही. आज पॉलिसी काढून उद्या लेझर असं होत नाही.

खडूपुसणी | सकाळी ११:२०

(मधली सुट्टी.) पाकीट फोडण्याचं मला सुचलंच नव्हतं! माझ्या बिलात मोजे धरले नव्हते. आणि ते मोजे चढवणं ही वेगळीच कसरत. ह्यांनी एक बाजू धरायची, मी दुसरी. शेवटी परिचारिका बाईंनी युक्ती सांगितली: सकाळी उठल्या उठल्या, पाय जमिनीला लावायच्या आधी, हातात भांडी घासायचे रबरी मोजे घालून वर सरकवायचा. दोन मिनिटांत होतं.

टेम्सतीरी | दुपारी १:५०

मोजे मागवताना सावधान. 'क्लास २' हे ब्रिटिश मापात १८ ते २४ आणि जर्मन मापात २३ ते ३२ मिमी पारा. नुसतं 'क्लास २' बघून घेऊ नका, पाकिटावरचे आकडे बघा.

अनवाणी | रात्री ९:१५

इतके दिवस लिहू की नको करत होतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी काकू, वय ७१, कोकणात गावी. घोट्यावर फुगलेली शीर, वरची कातडी पापुद्र्यासारखी पातळ. न्हाणीघरात गरम पाण्याने पाय धुताना खरवडून ती फुटली. ठणका नाही, काही नाही. तिला वाटलं पाणीच वाहतंय. खाली बघितलं तर फरशी लाल. शेजारचे धावले, तिला खुर्चीत बसवलं, पाय खाली लोंबकळता, आणि मांडीला फडकं करकचून आवळलं. रक्त थांबायच्या ऐवजी वाढलं. तालुक्याला नेईपर्यंत ती पांढरीफटक पडली होती. दोन बाटल्या रक्त चढवलं, वाचली. तिथल्या तरुण डॉक्टरने काकूला आडवं केलं, पाय हातभर उंच धरला, जखमेवर चार बोटांनी घडी दाबली आणि पाच मिनिटांत रक्त थांबलं. आम्ही बघतच राहिलो.

सोनोग्राफवाला | रात्री ९:४८

अनवाणी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. फडक्याने मांडी आवळली तरी धमनी सहसा पूर्ण बंद होत नाही, तिच्यातून रक्त येत राहतं आणि शिरेतून वर जायची वाट बंद होते, म्हणजे दाब आणखी वाढतो. पेशंटला आडवं करा, पाय हृदयापेक्षा वर घ्या, फुटलेल्या जागी थेट दाबा, दहा मिनिटं न उघडता. मग दवाखाना. रक्त थांबलं म्हणून घरी बसू नका, अशा शिरा पुन्हा फुटतात.

भाबडा_बंड्या | रात्री १०:०२

हे आईला फोन करून आत्ताच सांगितलं. आणखी एक भाप्र: लेझर केल्यावर पुन्हा होतं का?

सोनोग्राफवाला | रात्री १०:३६

होऊ शकतं. क्वचित तीच शीर पुन्हा उघडते, किंवा बाजूची दुसरी गळायला लागते. झडपा कमकुवत असण्याची प्रवृत्ती लेझर बदलत नाही. शिवाय गुडघ्याखालची संवेदना नेणारी नस त्या शिरेला चिकटूनच जाते, ताईंची बधिर जागा त्यामुळे. बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते. आठवड्याभरात डॉपलर करतात ते बंद केलेल्या शिरेतली गुठळी जांघेतून आतल्या शिरेत सरकली नाही ना, हे बघायला. ते टाळू नका. पोटरी एकाएकी सुजली, दगडासारखी झाली किंवा धाप लागली तर आठवडा पुरा व्हायची वाट न बघता रात्रीच निघा.

पूर्वीची लेझर यंत्रं ८१० किंवा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीची, ती रक्तातल्या लाल रंगाला तापवायची आणि दोरीच्या टोकापुढे शीर भोसकली जायची. काळेनिळे डाग, ठणका. आताची १४७० पाण्याला तापवतात आणि प्रकाश टोकातून गोल बाजूंना पसरतो, म्हणून त्रास कमी. ती पाच-सहा टोचण्यांतली थंड सलाइन भुलीइतकीच उष्णतेपासून वाचवायलाही असते. कातडी आणि शीर यांत सेंटिमीटरभर पाण्याची गादी.

खडूपुसणी | पाच आठवड्यांनंतर, शनिवार

अपडेट: जखम भरली. गुलाबी, नवी कातडी, अजून पातळ आहे. काळा डाग तसाच, तो जायचा नाही म्हणाले. बधिरपणा तळहातावरून दोन बोटांवर आलाय. डॉपलरमध्ये मांडीची शीर पूर्ण बंद. उजव्या पायात ०.९ सेकंद निघाले आहेत, पण त्रास नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, सध्या फक्त लक्ष ठेवायचं. मला आवडले ते यासाठी. शाळेत आता नववीच्या वर्गात दर वीस मिनिटांनी बाकांमधून चक्कर मारते. मुलांना वाटतं मी वह्या तपासतेय, त्यामुळे गृहपाठही होऊ लागलाय.

वस्तऱ्याची_धार | शनिवार, रात्री ११:५०

ताई, अभिनंदन. माझंही सांगतो. उभ्याने डॉपलर केलं. ०.३ सेकंद. शिरा ठीक. कमरेच्या मणक्यात निघालं, एल-४ एल-५ मध्ये नस दबतेय. व्यायाम चालू आहेत, कळ अर्ध्यावर आली. कॅम्पवाल्यांचा अजून फोन येतो, आता दिवाळी ऑफर आहे म्हणे. दुकानात चाकांचं उंच स्टूल आणलं, दाढी बसूनच करतो. गिऱ्हाईकं हसतात आधी, मग सवय होते.

हिशेबनीस | रविवार, सकाळी ८:१०

स्टूल कितीला पडलं? माझ्या बायकोला ओट्याशी हवंय.

वस्तऱ्याची_धार | सकाळी ८:३२

जुनं घेतलं, एका ब्युटी पार्लरवाल्या ताईकडून, बाराशेला. चाकं बदलावी लागली.